नोटेला हात न लावणारे काका

विंडसरला मी ज्यांच्या इमारतीत भाड्याने राहायचे ते आमचे घरमालक काका दिसायच्या आधी ऐकू यायचे. आधी खुळखुळ, मग पावलं, मग दारावर थाप. थापेची तशी गरज नसायची, कारण तोवर मी दार उघडून उभी असायचे. तरी ते दर वेळी तितक्याच नवलाने विचारायचे, "तुला कसं समजलं बाप्पा, मी आलो म्हणून?"

त्यांच्या अंगावर कायम किलोभर तरी नाणी असत. कॅनडात एक आणि दोन डॉलरच्या नोटा नाहीत, नाणी आहेत. एकाच्या नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी, म्हणून ते लूनी, आणि त्याच्याच वळणावर दोनाचं ते टूनी. पाचापासून पुढे नोटा. बाकीचा देश नोटा नाहीतर कार्ड वापरतो आणि लूनी-टूनी गाडीत पार्किंगपुरत्या पडून असतात. काका मात्र पाचाच्या पुढचं सगळं जगही लूनी-टूनीतच चालवत. दूध, भाजी, केस कापणं, देवळातली पेटी, सगळं. नोटेला ते हात लावत नसत. हे मी अलंकारिक सांगत नाहीये. खरोखरच लावत नसत.

ते मला कळलं माझ्या तिथल्या पहिल्याच शनिवारी. कपडे धुवायची मशीन बेसमेंटमध्ये होती आणि ती फक्त लूनी खायची. माझ्याकडे दहाची नोट होती. तळमजल्यावर काकांचं दार वाजवलं, नोट पुढे केली, "काका, सुट्टे मिळतील?" म्हटलं, तर या गृहस्थांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मला वाटलं, सोवळ्यात आहेत की काय!

"आत काकू आहे. तिला दे," ते म्हणाले.

काकू कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, नोट दोन बोटांत धरून ओट्यावरच्या बरणीखाली ठेवली आणि पुन्हा आत गेल्या. मग काकांनी रव्याचा असावा असा एक स्टीलचा डबा आणला आणि माझ्या ओंजळीत एकेक लूनी मोजून टाकली. एवढ्याशा कामाला दोन माणसं आणि एक डबा लागला. पण त्या घरात हे इतकं सरावाचं होतं, की विचित्र मीच वाटत होते.

काका नागपूरकडचे. तिथल्या एका कारखान्यात आणि मग इथे विंडसरला, मोटारींचे पत्रे प्रेसखाली ठोकून ज्या साच्यांत घडवतात त्या डाय बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होताना त्यांनी ही सहा बिऱ्हाडांची जुनी विटांची इमारत घेतली. भाडं, टॅक्स, बँक हे सगळं काकू कम्प्युटरवर बघत. काकांकडे एकच खातं होतं, बेसमेंटमधली मशीन. तिच्या पोटातून निघणाऱ्या नाण्यांवर त्यांचा सगळा वरखर्च आणि घरचा किराणा चाले. "तुमच्या मळक्या कपड्यांवर चालून राहिलं आमचं," असं ते भाडेकरूंना तोंडावर सांगत. एकदा दोन आठवडे मी आजारी होते, कपडे धुतले नाहीत, तर चौकशीला आले आणि म्हणाले, "तब्येत सांभाळ पोरी. इकडे कांदे आणायचे खोळंबले."

शनिवारी सकाळी ते मशीनचा गल्ला काढत आणि नाणी धूत. काकूंची चिंच चोरून, सिंकमध्ये पाणी घेऊन, जुन्या टूथब्रशने. मग पंच्यावर पसरून हीटरच्या जाळीसमोर वाळवायला ठेवत. पोह्यांच्या फोडणीच्या वासात ती पिवळीधमक नाणी पसरलेली असत, आणि काका मांडी घालून त्यातलं एखादं उचलून उजेडाकडे धरत.

"हा काठ पाहा, पुणेकर. ज्यानं ही डाय बनवली ना, तो त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवला असंल."

"पण काका, नोट हलकी पडते. खिशात मावते."

"नोट काय, छापतात. लग्नपत्रिकाही छापतात. नाणं ठोकावं लागतं. त्याच्यामागं माणूस उभा असतो." आणि मग त्यांचा ठरलेला मुद्दा यायचा. "वरून ह्यांच्या नोटा प्लॅस्टिकच्या! दुकानात पिशवी मागितली तर म्हणतात, प्लॅस्टिक वाईट. आणि सुट्टे म्हणून हातात काय देतात? प्लॅस्टिकच!"

मी पुण्याची, त्यामुळे वाद सोडून देणं मला शोभलं नसतं. मी दर शनिवारी नवा मुद्दा घेऊन जायचे आणि पोहे खाऊन हरून परत यायचे. पोहे चांगले असत.

त्यांच्या कोटाला आतून जाड कॅनव्हासचे खिसे होते. ते त्यांनी स्वतः शिवले होते. पँटला पट्टा असायचा आणि शिवाय खांद्यांवरून गॅलिसही, कारण एकट्या पट्ट्याने एकदा भर ग्रोसरी स्टोअरमध्ये दगा दिला होता म्हणे. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फाची काच झालेली असताना आम्ही सगळे भिंती धरधरून चालायचो, आणि काका रस्त्याच्या मधून ठणठणीत जायचे. "गाडीला विंटर टायर्स, तसं मला हे," असं म्हणून खिशावर थाप मारायचे. त्या बाबतीत मात्र मला वाद घालता आला नाही, कारण तेव्हा मी खाली पडलेली होते.

आता काकूंबद्दल सांगते, कारण ही गोष्ट अर्धी त्यांची आहे. काकू बँकेत काउंटरवर नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर नोटा मोजलेली बाई आणि नोटेला न शिवणारा नवरा. मोठ्या गमतीचं जोडपं, असं आपल्याला वाटतं. काकूंना त्यात गंमत वाटत नव्हती. दुकानात सामान घेईपर्यंत त्या काकांच्या बरोबर असत. भेंडी निवडून घेत, दुधाची तारीख बघत. मात्र काउंटरपाशी रांग पुढे सरकली आणि काकांचा हात कोटात गेला, की त्या सरळ दाराशी जाऊन उभ्या राहत. तिथे भिंतीवर लावलेल्या जाहिराती वाचत. हरवलेलं मांजर, भाड्याने बेसमेंट, पियानोचे क्लास. मागे काका लूनींचे मनोरे रचत असत आणि रांगेतली माणसं उसासे टाकत असत. "मला विंडसरमधली सगळी हरवलेली मांजरं तोंडपाठ आहेत," त्या मला एकदा म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण त्यांना वाईट वाटत होतं. ते दिसत होतं.

"मला सोनंनाणं नको, क्रूझ नको," त्या म्हणाल्या. "एकदा, फक्त एकदा ह्यांनी चारचौघांसारखे पैसे द्यावेत आणि मी शेजारी बसलेली असावी. बस."

काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण काकूंची ती नुसती हौस आहे, हट्ट नाही, असं ते धरून चालत. शिवाय त्यांचं कौतुक करणारेही होते. कोपऱ्यावरचा लेबनीज दुकानदार तर त्यांना मिठीच मारायचा, कारण त्याला रोज सुट्टे लागत. "माय बँक इज हिअर!" असं ओरडून तो बाकलावा मिठाईचा तुकडा हातावर ठेवायचा. काका तो तुकडा खात खात दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे असे बघायचे, की पाहा, जगाला कळतं!

आणि नदीपलीकडे तर त्यांनी मोहीमच उघडली होती. विंडसरहून बोगद्यातल्या बसने दहा-पंधरा मिनिटांत डेट्रॉइट. तिकडे एका डॉलरचीही कागदी नोट चालते, ही गोष्ट काकांच्या जिवाला लागलेली. अमेरिकेतही डॉलरचं नाणं निघतं, फक्त कुणी वापरत नाही, असं त्यांना कुठून तरी कळलं. मग काय, काकूंना घेऊन ते पलीकडच्या एका बँकेत गेले आणि त्यांनी डॉलरची नाणी मागितली. काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरला विचारलं, मॅनेजरने तळघरात कुणाला तरी पाठवलं, आणि शेवटी एक पुडकं निघालं. काका ते घेऊन शेजारच्या डोनटच्या दुकानात शिरले. तिथल्या पोराने नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "सर, वुई डोन्ट टेक टोकन्स."

"युवर ओन गव्हर्नमेंट मेड इट!" काका म्हणाले, आणि त्यांनी त्याला नाणं कसं ठोकतात ते सांगायला सुरुवात केली. पोरगा बिचारा ऐकत राहिला. डोनट मिळाले, नाणीही चालली, आणि काका विजयी मुद्रेने बाहेर आले, तर काकू नव्हत्या. त्या केव्हाच परतीच्या बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. सीमेवरच्या अधिकाऱ्याने काकूंना विचारलं, "एकट्याच?" त्यावर त्यांनी "सध्या," असं उत्तर दिलं होतं म्हणे.

तरीही हे सगळं चाललं असतं. बिनसलं ते एका लग्नात. आमच्या तिथल्या मराठी मंडळींपैकी एकाच्या मुलीचं लग्न होतं. आहेर म्हटला की आपल्याकडे एकशे एक. वरचा एक महत्त्वाचा, नाही तर शून्यावर संपतं. इथे लोक पाकिटात नोटा घालतात आणि वरचा एक म्हणून लूनी चिकटवतात. काकांच्या मते त्या पाकिटात खरा आहेर तेवढी ती लूनीच. म्हणून त्यांनी शंभराच्याही लूनी केल्या, लाल मखमली बटव्यात भरल्या आणि मोठ्या मानाने हॉलवर गेले. तिथे आहेरासाठी सजवलेली लाकडी पेटी होती, तिला वर पाकिटापुरती फट. बटवा काही जाईना. कुणाकडे तरी देऊन मोकळं व्हावं की नाही? पण "पेटीत टाकायचा तो पेटीतच टाकायचा," असं म्हणत काकांनी बटवा सोडला आणि एकेक नाणं फटीतून आत टाकायला लागले.

नेमकी तेव्हाच मंगलाष्टकं सुरू झाली. हॉल शांत, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि गुरुजींच्या प्रत्येक ओळीमागे पेटीतून टण्. "शुभमंगल..." टण्. "सावधान!" टण् टण्. आधी दोन पोरं हसली. मग एक रांग हसली. मग नवरीच हसायला लागली आणि अंतरपाट हलायला लागला. मी तर खाली बघून रडत होते, हसू दाबल्यामुळे. काकू दाराकडे निघाल्या. पण दाराशी व्हिडिओवाला उभा होता, त्यामुळे दारात उभं राहायचीही सोय उरली नव्हती. त्या तशाच पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसल्या, जेवल्याही नाहीत.

घरी गेल्यावर त्या भांडल्या नाहीत. नुसत्या काकांबरोबर बाहेर जायच्या बंद झाल्या. किराणा आणायला काका एकटेच. भेंडी जून यायला लागली. दोन-तीन आठवड्यांनी काका माझ्याकडे आले. खुळखुळ ऐकून मी दार उघडलं, पण त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"ती आता दारातही उभी नाही राहत, पुणेकर," ते म्हणाले. "आधी वळून पाहिलं की दिसत तरी होती."

एरवी कुणाला न बधणारा हा माणूस माझ्या खुर्चीच्या कडेवर बसून बुटांकडे बघत होता.

"पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण होते तिला. नदीकाठच्या त्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये नेतो म्हणतो. आणि कार्डानं पैसे देतो. तू मला शिकव."

मी शिकवलं. मशीन कुठून आणणार? मी टीव्हीचा रिमोट धरून वेट्रेस व्हायचे आणि काका त्याला कार्ड टेकवायचे. आधी ते कार्ड इतक्या जोरात टेकवायचे, जणू प्रेसच खाली आली. मग हळूहळू हात बसला. मी तोंडाने "बीप" म्हणायचे आणि ते "थँक यू" म्हणायचे. मिसिसागाहून त्यांचा मुलगा फोनवर धीर देत होता. तो इथेच वाढलेला, मराठी समजायचं पण उत्तर इंग्रजीत. "बाबा, इट्स ईझी. व्हॉटएव्हर इट आस्क्स यू, जस्ट प्रेस ग्रीन." काकांनी ते मंत्रासारखं पाठ केलं. काहीही विचारलं की हिरवं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी काकूंनी निघायच्या आधी दारातच काकांचे खिसे तपासले. बाहेरचे, आतले, कॅनव्हासचे. मग मोज्यांवरूनही नजर फिरवली. काही नव्हतं. "शब्द दिला आहे ना बाप्पा," काका म्हणाले. वजन नसल्यामुळे ते चालताना थोडे तरंगत होते, आणि पायऱ्या उतरताना त्यांनी पहिल्यांदाच कठडा धरला. काकूंनी हिरवी पैठणी नेसली होती. त्या इतक्या छान दिसत होत्या, की वाढदिवसासाठी आलेल्या मुलाने गाडीचं दार स्वतः उतरून उघडलं.

रेस्टॉरंट म्हणजे पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, खिडकीतून नदी आणि पलीकडे डेट्रॉइटचे दिवे. आम्ही चौघं. जेवण छान झालं. काका घामेजले होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. ते "हिरवं, हिरवं" असं असणार. शेवटी ती हसरी वेट्रेस मशीन घेऊन आली. काकूंनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि शेजारच्या टेबलांकडेही एक नजर टाकली. इतक्या वर्षांनी त्या शेजारी बसल्या होत्या.

मशीनने काहीतरी विचारलं. काकांनी हिरवं दाबलं. आणखी काहीतरी विचारलं. हिरवं. कार्ड टेकवलं, अगदी अलगद. बीप.

"थँक यू," काका म्हणाले.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?" काकूंचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण त्या त्या मशीनकडे अशा बघत होत्या, जणू नाटकाचा पडदा वर जाऊन लगेच खाली आला. "मला कळलंसुद्धा नाही."

आणि वेट्रेसचं हसू गेलं होतं. तिने पावती बघितली, घडी घातली आणि "हॅव अ गुड नाइट" असं पुटपुटून ती वळली. मुलाने पावती उचलली आणि कपाळाला हात लावला. "बाबा! यू लेफ्ट हर नथिंग. द टिप, बाबा! इट आस्क्ड यू फॉर द टिप!"

"त्यानं विचारलं, मी हिरवं दाबलं. तूच सांगितलं," काका म्हणाले. ते पार गोरेमोरे झाले होते. टिपेचा आकडा न भरता हिरवं दाबलं की टिप शून्य, आणि इथे टिप न देणं म्हणजे अपमानच. त्या मुलीने दोन तास आमची सरबराई केली होती आणि आम्ही तिच्या हातावर काहीच ठेवलं नव्हतं. काकूंना आयुष्यभर ज्या शरमेची धास्ती होती ती आज वाट्याला आली होती, आणि तीही कार्डाने, चारचौघांसारखे पैसे देऊन.

आम्ही खिसे चाचपले. मुलाकडे फोन, माझ्याकडे कार्ड, काकूंच्या पर्समध्ये नुसता रुमाल. काकांकडे तर काहीच नव्हतं. एरवी किलोभर नाणी वागवणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी द्यायला एक लूनी नव्हती. त्यांनी सवयीने हात कोटात घातला आणि रिकामा बाहेर काढला. तो हात काकूंनीही पाहिला.

"लेट मी जस्ट टॅप इट, आई. टू सेकंड्स," मुलगा वेट्रेसला हाक मारायला उठला.

"तू बस," काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "घरी शनिवारची धुतलेली असतील ना?"

"आहेत."

"मग जा. घेऊन या. आम्ही बसतो."

काका उठले. मी गाडी काढली. येताना ते मांडीवर डबा धरून सारखे सांगत होते, "सिग्नल हिरवा झाला, पुणेकर. चल ना." आम्ही परत आलो, तेव्हा काकूंनी दुसरी कॉफी मागवली होती आणि त्या वेट्रेसला खुर्चीशी उभी करून डाय म्हणजे काय, ते समजावून सांगत होत्या.

काका बसले. डबा उघडला आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर लूनी मांडायला लागले. एक मनोरा, दुसरा मनोरा. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पलीकडचा एकजण फोन काढून फोटो घेत होता. मुलगा लाल झाला, उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. वेट्रेस गोंधळून "इट्स ओके, इट्स रिअली ओके" म्हणत दोन पावलं मागे सरकली.

काकूंनी आपली खुर्ची टेबलाला आणखी जवळ ओढली, हात वर केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वेट प्लीज. माय हजबंड इज पेइंग."